घनश्याम कापगते आणि दोन मुठी हळद

साकोलीत हायवेला लागून घनश्याम कापगतेचं गॅरेज आहे. टिनाचं छप्पर, एक शटर आणि पुढं तेल पिऊन काळी झालेली एका गाडीपुरती जागा. बोर्ड नाही. एकदा मी म्हटलं, "घनश्यामभाऊ, पेंटरले सांगून नाव टाकून देतो." तो म्हणाला, "कायले? ज्याले माहीत आहे तो येते. ज्याले माहीत नाही त्याची गाडी नवी असन."

नव्या गाड्यांना तो हात लावत नाही. ॲम्बॅसिडर, फियाट, जुन्या जीपा, एवढंच त्याचं काम. अशा चालत्या गाड्या आता जिल्ह्यात बोटावर मोजण्याइतक्या उरल्या. त्यातली एक माझ्याकडं आहे. पांढरी ॲम्बॅसिडर, माझ्या लग्नाहून जुनी. वनहक्काच्या दाव्यांसाठी मी नागझिऱ्याकडच्या गावांत फिरतो, म्हाताऱ्या माणसांना भंडाऱ्याला सुनावणीला नेतो. बसमध्ये त्यांना उभं राहावं लागतं आणि ते मला पाहवत नाही, म्हणून ही गाडी. शाळा मी नववीत सोडली. कायदा वाचायला शिकलो तो साहेबांशी भांडता भांडता. खोटं बोलणारा माणूस मला समोर आला की ओळखू येतो, असं मी सभांमधून सांगत आलो. पुढं जे झालं त्यात खोटं बोलणारा मी होतो, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

घनश्याम सहासष्ट वर्षांचा, कोहळी, म्हणजे इकडचे तलाव बांधणाऱ्या समाजाच्या घरचा. त्याच्या गावाला मोठा जुना तलाव आहे. त्याच्या बापाकडं पाणकराचं काम होतं, म्हणजे तलावाचं पाणी धानाच्या कोणत्या बांधीला, म्हणजे खाचराला, किती वेळ द्यायचं ते तो ठरवायचा. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पोटातून पाणी सोडायच्या दाराला आमच्याकडं तुडुम म्हणतात. तुडुम उघडलं की पाणी आधी खोकतं. आत कोंडलेली हवा गचके देत बाहेर पडते. ते खोकणं थांबेपर्यंत बाप कोणाच्याच शेताकडं पाणी वळवू देत नसे, मग समोर पाटील उभा असो की घरचा जावई. हे घनश्यामनं मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. गाडीतली हवा काढायला तो एवढा वेळ का लावतो, असं मी चिडून विचारलं होतं.

इंजिन तापू नये म्हणून त्याच्या आत पाणी फिरत असतं. ते काढून पुन्हा भरलं की मधे कुठं तरी हवा अडकते. वरून रेडिएटर काठोकाठ भरलेला दिसतो आणि आत इंजिनाचं डोकं कोरडं. मेकॅनिक म्हणतात, गाडीनं एअर घेतली. बाकीचे मेकॅनिक झाकण उघडं ठेवून इंजिन दहा मिनिटं चालवतात आणि चहाला जातात. घनश्याम गाडी जवळच्या तलावाच्या पाळीवर नेतो. पाळीवर चढणारा कच्चा रस्ता आहे, त्या चढावर गाडीचं तोंड वर करून उभी करतो आणि मागच्या चाकांना दगड लावतो. हवा वर जाते, म्हणून रेडिएटरचं तोंड सगळ्यात वर पाहिजे. मग उजव्या हातात लोटा आणि डावा हात वरच्या होज पाइपवर, म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडं येणाऱ्या रबरी नळीवर. पाण्याची धार बारीक. होज दाबायचा, सोडायचा. बुडबुडा येतो, पाणी खाली बसतं, पुन्हा थोडं ओतायचं. मग इंजिन सुरू करायचं, एकदम हळू. डाव्या तळव्याला होज थंड लागतो, मग कोमट, मग एकाएकी गरम. म्हणजे आतला थर्मोस्टॅट, पाण्याची वाट उघडणारी झडप, उघडला आणि पाणी फिरलं. तेवढा वेळ तो कोणाला बोलू देत नाही. "उजवा हात करते," तो म्हणायचा, "डावा सांगते."

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात बारा दिवस होता. पाय सुधारला, तोंड सरळ झालं, हातही वर जाऊ लागला. त्याचा मुलगा मंगेश भंडाऱ्यात एका कंपनीच्या ऑफिसात नोकरीला आहे. शांत पोरगा, बापावर जीव असलेला. त्यानं गॅरेज बंद करायचं ठरवलं. हायवेवरची जागा, मोबाइलच्या दुकानाला कोणीही घ्यायला तयार. घनश्याम तीन दिवस त्याच्याशी बोलला नाही. शेवटी सुशीलाबाईंनी, म्हणजे घनश्यामच्या बायकोनं, मधला रस्ता काढला. पोळ्यापर्यंत पाहायचं. काम नीट झालं तर गॅरेज राहील. गाडी बिघडून परत आली, तर शटर खाली आणि वर तोंडातून एक शब्द नाही.

"कबूल आहे का, बाबा?" मंगेशनं माझ्यासमोर विचारलं.

"तू मले कायले विचारतं? तुह्या मायले विचार. तिनंच कायदा काढला."

त्यानंतर घनश्यामच्या हाताखालून गेलेली सगळ्यात पहिली गाडी माझी होती.

श्रावणातली गोष्ट. नागझिऱ्याकडच्या गावातून येताना माझा रेडिएटर गळायला लागला. रंभाबाईच्या दारात गाडी उभी केली. रंभाबाई माझ्या दाव्यांमधली, सत्तरीच्या पुढची, जंगलातल्या तीन बांध्यांसाठी नऊ वर्षं झगडत असलेली बाई. मी तिला हळद मागितली.

"भाजी मांडून राहिले का, भाऊ?"

"गाडीले लागते, बाई. भोक बुजते."

"गाडीले हळद लावून राहिले. उद्या बाशिंग बांधान."

तिनं दोन मुठी हळद दिली. मी ती पाण्यात कालवून रेडिएटरमध्ये ओतली. गळती थांबली. ही युक्ती आमच्याकडच्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत आहे आणि प्रत्येक ड्रायव्हर ती घनश्यामपासून लपवतो. मीही एकदा पकडला गेलो होतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, दहा माणसांत, त्यानं पिवळं पाणी माझ्या पायावर सोडलं होतं. "हळद भाजीत टाका, भैय्यालालभाऊ. गाडीले पोट नाही." लोक हसले होते. ते हसणं मी विसरलो नव्हतो. म्हणून साकोलीला यायच्या आधी हातपंपावर थांबलो, पाणी काढलं, दोनदा धुतलं, पुन्हा भरलं आणि मगच गॅरेजपुढं उभा राहिलो.

घनश्यामनं पाणी सोडलं. थोडा पिवळेपणा होताच. त्यानं बोट बुडवून पाहिलं.

"काही टाकलं का?"

"गंज असन."

"मी गंज नाही विचारला."

"नाही म्हटलं ना. काहून मागं लागून राहिले?"

त्यानं पिवळं बोट फडक्याला पुसलं आणि तो खाली वाकला. रेडिएटर काढला, भोकाला कथलाचा डाग दिला, परत बसवला. दुसऱ्या दिवशी पाळीवर हवा काढली. गाडी घेऊन मी निघालो. लाखनी यायच्या आधीच इंजिनातून खडखड यायला लागली. तापमानाचा काटा मात्र खालीच. मग एकदम वर उसळला आणि बॉनेटमधून वाफ आली.

मी परत आलो तेव्हा मंगेश नेमका घरी होता. घनश्याम त्याला म्हणाला, "हवा राहिली एखादी. राहते कधी कधी. काट्याचं आतलं टोक हवेत आहे, त्याले पाणी लागत नाही, म्हणून काटा खाली दिसते." मंगेशनं मान हलवली. एकदा चाललं.

दुसऱ्यांदा पाळीवर मी सोबत होतो. या वेळी घनश्याम दीड तास होजला हात लावून बसला. बुडबुडे आले, बंद झाले. होज गरम झाला की नाही हे विचारायची सोय नव्हती. आपण बोलायचं नाही, हे ठरलेलं. शेवटी त्यानं झाकण लावलं आणि हात पुसला. तेव्हा मी त्याचा डावा तळवा पाहिला. मधोमध रुपयाएवढा फोड आला होता, टरारून पाण्यानं भरलेला. त्यानं तळवा फडक्यानं सहज पुसला, जणू तिथं काहीच नव्हतं. त्याला तो फोड जाणवतच नव्हता.

मी किल्ली मागितली. गाडी घेऊन गेलो.

बुधवारी भंडाऱ्याला रंभाबाईची सुनावणी होती. सकाळी तिला घेऊन निघालो. लाखनी ओलांडली आणि गाडीनं पुन्हा वाफ सोडली. रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. रंभाबाई पदरानं वारा घेत बसली. अर्ध्या तासानं म्हणाली, "भाऊ, त्या कारागिराले हळदीचं सांगतलं का?"

"तुम्ही सुनावणीचं पाहा, बाई."

"सुनावणीले जाऊनच राहिली होती मी. तुमच्या गाडीनं बसवलं इथं."

एसटीनं गेलो. पोचलो तेव्हा तिचं नाव पुकारून झालं होतं. पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळाली. साहेबाशी भांडून मी बाहेर आलो. अंगात जाळ होता आणि तो कोणावर तरी ओतायचा होता. संध्याकाळी साकोलीच्या बसस्टँडपुढच्या टपरीवर, ड्रायव्हर, रिक्षावाले, दोन-तीन जीपवाले बसलेले असताना मी मोठ्यानं म्हणालो, "घनश्यामचा हात गेला. तळहाताले फोड आला तरी त्याले समजत नाही. तो का हवा काढन?"

मी पाहिलं होतं तेच सांगितलं. फोड खरा होता. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. खरं बोलून माणसाला कसं बुडवता येतं ते मी साहेबलोकांकडून शिकलो होतो आणि त्या संध्याकाळी घनश्यामवर वापरलं.

रात्र व्हायच्या आत ती गोष्ट मंगेशपर्यंत गेली.

तीन दिवस मी गॅरेजकडं फिरकलो नाही. गाडी लाखनीवरून ओढून आणून गॅरेजपुढं लावायला एका ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं. शनिवारी रंभाबाईचा फोन आला, तिच्या नातीच्या मोबाइलवरून. दिवाळीनंतर कोणत्या तारखेला यायचं ते विचारायला. ते झाल्यावर म्हणाली, "अन् हळद माह्या घरची होती. माणसाचं काम गेलं तर मले त्याचं पाप लागन का?" मी म्हटलं, तुम्हाले नाही लागत, बाई. फोन ठेवला. तिला नाही लागत, तर कोणाला लागतं, हे तिनं विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

रविवारी सकाळी गॅरेजवर गेलो. मंगेश पाने आणि हातोड्या एका पोत्यात भरत होता. घनश्याम बाकावर बसला होता, डावा हात मांडीवर पालथा. सुशीलाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. माझी ॲम्बॅसिडर मधोमध उभी.

"या, नेतेजी," मंगेश म्हणाला. त्यानं कधी मला असं म्हटलं नव्हतं. "टपरीवर आणखी काही सांगाचं राहिलं का?"

"एक राहिलं," मी म्हणालो. "घनश्यामभाऊ, मी हळद टाकली होती."

सुशीलाबाईंचा हात सुपात थांबला.

"किती?" घनश्यामनं विचारलं.

"दोन मुठी."

"धुतलं कुठं?"

"हातपंपावर. दोनदा. तुम्हाले समजू नाही म्हणून."

"समजलं होतं," तो म्हणाला. "पिवळं पाहिलं मी."

मंगेशनं पोतं खाली ठेवलं. "समजलं होतं तं उघडून काहून नाही पाहिलं, बाबा?"

घनश्यामनं डावा हात सुलटा केला. फोड फुटून त्या जागी लाल चट्टा राहिला होता.

थर्मोस्टॅटच्या चकतीत सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. थर्मोस्टॅट बंद असताना खालची हवा त्याच भोकातून वर निसटते. हळद धुतली तरी त्या भोकात बसते, पक्की होते. मग वरून कितीही पाणी घाला, होज कितीही दाबा, इंजिनाच्या डोक्यातली हवा तिथंच राहते. हे घनश्यामला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं, आणि कळलंही होतं. पण थर्मोस्टॅट उघडायचा म्हणजे तीन जुने नट खोलायचे, गंजून धरलेले. एका हातानं पाना धरायचा, दुसऱ्या हातानं थर्मोस्टॅटचं झाकण दाबून धरायचं, नाहीतर बोल्ट आतच तुटतो.

"डाव्या हातानं पाना धरला जात नाही," तो म्हणाला. "उन्हाळ्यापासून. तुह्यासमोर पेला उचलतो ना, तो डोळ्यानं पाहून उचलतो. होज गरम का थंडा, मले काही समजत नाही. अंदाजानं बसलो दीड तास." मग माझ्याकडं वळला. "भैय्यालालभाऊनं नाही म्हटलं, तं मले बरं वाटलं. त्याचं ते 'नाही' पकडून बसलो. उघडाची पाळी टळली."

माझ्या खोट्याखाली त्यानं आपलं खोटं झाकलं होतं. दोघांचं खोटं मिळून त्या सुईएवढ्या भोकात मावत होतं.

मंगेशनं तो चट्टा जवळ येऊन पाहिला. "बाबा, उकळतं पाणी असते ते. तुमचा हात शिजून निघन तरी तुमाले समजणार नाही. मी याच्याचसाठी बंद करा म्हणतो. नाव जाईन म्हणून नाही."

"ते मले माहीत आहे."

"मंग?"

घनश्यामनं डावा हात पुन्हा मांडीवर पालथा केला. मंगेशच पोत्यातून पाना काढून गाडीपाशी गेला. "हे तरी खोलून पाहतो." त्यानं पाना लावला आणि झटका द्यायला खांदा मागं घेतला.

"सरक," सुशीलाबाई म्हणाल्या.

सूप बाजूला ठेवून त्या उठल्या होत्या. पदर खोचला. "असा झटका देशीन तं बोल्ट तुटन. तीस वर्ष पायलं मी तुह्या बापाचं." त्यांनी नटांवर डिझेल सोडलं, हातोडीनं हलक्या हातानं ठोकलं आणि वाट पाहिली. पुन्हा डिझेल, पुन्हा ठोकणं. रोवणीत दिवसदिवस चिखलातून परा, म्हणजे धानाची रोपं, उपटणारे, रोवणारे ते हात. डाव्या हातानं त्यांनी थर्मोस्टॅटचं झाकण दाबून धरलं आणि पाना ओढला नाही, नुसता टेकवून भार देत गेल्या. घनश्याम बाकावरून सांगत होता.

"दम धर. आता जराक उलटा. हं. आता ये."

"मले शिकवून राहिले," त्या म्हणाल्या, पण तो सांगेल तसंच करत गेल्या.

तिसरा नट सुटला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. थर्मोस्टॅट बाहेर निघाला. चकतीवर पिवळट काळं किटण आणि ते बारीक भोक गच्च बंद. घनश्यामनं तो उजव्या हातात धरून मंगेशला दाखवलं, मग मला. रागावला नाही. तो रागावला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

भोक सुईनं साफ केलं. झाकणाखाली बसणारं नवं गॅसकेट कापलं. दुपारी गाडी दोरानं ओढत पाळीवर नेली. सुशीलाबाई बॉनेटजवळ उभ्या राहिल्या, हात होजवर. घनश्यामनं उजव्या हातानं लोटा धरला. मी आणि मंगेश चाकांच्या दगडांपाशी बसलो. पहिल्यांदाच त्या पाळीवर बोलणं चाललं होतं, आणि बोलत होत्या सुशीलाबाई.

"थंडा."

तो थोडं ओतायचा.

"थंडाच आहे."

बुडबुडे आले. असे बुडबुडे मी आधीच्या खेपेला पाहिले नव्हते. मोठे, एकामागून एक, गचके देत. पाणी एकदम वीतभर खाली गेलं. घनश्यामनं मान खाली घातली आणि ऐकत राहिला.

"कोमट. आता जास्त. अवो, तापलं," म्हणत त्यांनी हात काढून घेतला. "पोळलं मले."

"पोळलं ना?" घनश्याम म्हणाला. "बस झालं. झाकण लाव."

त्याच संध्याकाळी मंगेशनं स्वतः गाडी भंडाऱ्यापर्यंत नेली आणि परत आणली. काटा मधोमध राहिला. घरी येऊन त्यानं पोतं उलटं करून पाने फळीवर मांडले. बोलला एवढंच: "आईले सोडून उकळत्या पाण्यापाशी जाचं नाही. माही अट एवढीच."

"अन् आई रोवणीले गेली तं?" घनश्यामनं विचारलं.

"तं गाडी उभी राहीन."

मी दुसऱ्या दिवशी टपरीवर गेलो. त्याच बाकावर बसून हळदीचं सगळं सांगितलं, माझं नाव घेऊन. एक जीपवाला चहा संपवत म्हणाला, "बुधवारी एक सांगत होते, आज दुसरं सांगून राहिले. आम्ही कोणतं धरावं, भाऊ?" मी दुसऱ्या टपऱ्यांवरही गेलो. लाखनीला गेलो. काही जण परतले, काही नाही. दोन फियाटवाले आता गोंदियाला जातात. फोडाची गोष्ट लोकांना पाठ आहे. हळदीची मला पुन्हा पुन्हा सांगावी लागते.

गॅरेज चालू आहे, धानाच्या कामाचे दिवस सोडून. सुशीलाबाई स्टूलवर बसतात. त्यांना आता होजच काय, कोणता बेअरिंग वाजतो तेही ऐकू येतं. ते दोघं कामावर भांडतात तेव्हा रस्त्यापलीकडं ऐकू जातं.

माझी गाडी अजून तिथंच जाते. घनश्याम चहा देतो, रंभाबाईच्या तारखेचं विचारतो. गाडीचं मात्र काहीच विचारत नाही. काय झालं, कधीपासून, काही टाकलं का, काही नाही. मी सांगायला लागलो तर ऐकून घेतो, मान हलवतो. मग सुशीलाबाईंना म्हणतो, "पाना आण." आणि मी सांगितलेल्या एकाही शब्दावर न जाता, पहिल्या नटापासून सगळं उघडून पाहतो.